कीलचा जोड पुन्हा उघडला आहे: बाहेरून भरावा की कील उतरवावी?

प्रश्न

माझी फायबरग्लासची शिडाची बोट नऊ मीटर लांबीची असून १९८१ साली बांधलेली आहे. सुमारे १८०० किलो वजनाची शिशाची कील (बोट उभी ठेवणारा तळाखालचा जड पंख) आठ स्टेनलेस बोल्टांनी हलखालच्या, म्हणजे बोटीच्या धडाखालच्या, ठोकळ्याला जोडलेली आहे. गेल्या वर्षी बोट बाहेर काढली तेव्हा जोडाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना केसाएवढी भेग दिसली. मी ती घासून, एपॉक्सीची लुकण भरून आणि वर रंग देऊन बंद केली. यंदा तीच भेग त्याच ठिकाणी पुन्हा उघडली असून पुढच्या टोकाला ती जवळपास दोन मिलिमीटर रुंद आहे. बोट जमिनीवर येऊन तीन दिवस झाले, तरी तिच्यातून तांबूस पाणी झिरपत आहे. आत पाहिले तर पुढून तिसऱ्या बोल्टच्या वॉशरभोवती गंजाचा डाग आहे; बाकीचे नट मात्र नव्यासारखे चकचकीत आहेत.

बोल्ट घट्ट करून भेग पुन्हा भरली तर काम भागेल, असे एका परिचितांचे मत आहे. कील उतरवणे हे मोठे आणि खर्चाचे काम आहे, याची मला कल्पना आहे. ते खरोखर आवश्यक आहे की नाही हे कशावरून ठरवावे, आणि करावे लागले तर कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर

सर्वप्रथम एक विनंती: पाना हातात घेण्यापूर्वी निदान पूर्ण करावे. आत्ता बोल्ट आवळले तर भेग मिटल्यासारखी दिसेल आणि ती का उघडली याचा पुरावाच नाहीसा होईल. शिवाय आतून झिजलेला बोल्ट त्याच वेळी तुटूही शकतो.

जोडाच्या पुढच्या टोकाची भेग जुन्या बोटींवर इतकी नेहमीची आहे की एका प्रसिद्ध बनावटीवरून तिला ‘कॅटालिना स्माइल’ असे नावच पडले आहे. तिच्यामागची कारणे मात्र वेगवेगळी असतात. लुकण कडक असते आणि जोड किंचित हलतो, म्हणून केवळ वरचा थर तडकला असेल तर काळजी फारशी नाही. पण आपल्या भेगेतून तीन दिवस पाणी येत आहे, म्हणजे पाणी जोडाच्या आत साठलेले आहे आणि त्याचा रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. कील शिशाची असल्यामुळे हा गंज बोल्टांखेरीज दुसऱ्या कशाचा असण्याची शक्यता कमी आहे.

क्रेनच्या पट्ट्यांवर बोट उचलली जात असताना जोडाकडे पाहणे ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे. कील टेकलेली असताना बोटीचे वजन जोड दाबून धरते; ती लोंबकळू लागली की तोच जोड कीलच्या वजनाने ओढला जातो. दोन्ही अवस्थांत फट त्याच जागी पातळ पट्टीने मोजावी. लोंबकळत असताना कोणी कीलचे खालचे टोक आडवे ढकलावे आणि दुसऱ्याने आत बसून नट, वॉशर व हलच्या तळाला बळकटी देणाऱ्या आडव्या फळ्या पाहाव्यात. कील हलली आणि हल हलला नाही तर दोष बोल्टांत किंवा जोडात आहे. दोन्ही मिळून हलले आणि आतल्या आडव्या फळ्यांच्या कडांना बारीक भेगा दिसल्या तर दोष हलच्या बांधणीत आहे.

बोट पूर्वी कधी खडकावर आपटली होती का, हेही शोधावे. कीलच्या खालच्या पुढच्या टोकाला धक्का बसला की जोडाचे पुढचे टोक खाली ओढले जाते आणि मागचे टोक हलमध्ये वर घुसते. म्हणून भेग पुढे दिसत असली तरी खरी मोडतोड शेवटच्या बोल्टच्या मागे सापडण्याचा संभव असतो. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये कील निखळून चार जणांसह बुडालेल्या ‘चीकी राफिकी’ या बोटीच्या अधिकृत चौकशी अहवालात, पूर्वीचे आपटणे आणि नंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने कीलच्या जागची बांधणी कमकुवत झाली असावी, असे म्हटले आहे. आपल्याला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मागच्या टोकाची तपासणी कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे.

दुसरे उत्तर

वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. चकचकीत नटांविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझी स्वतःची फसगत तेथेच झाली होती.

स्टेनलेस पोलादाचे रक्षण त्याच्या पृष्ठावरील अतिशय पातळ ऑक्साइडचा थर करतो आणि तो टिकून राहण्यासाठी ऑक्सिजन लागतो. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, नटाला हवा मिळते, म्हणून तो चमकत राहतो. जोडाच्या रेषेत मात्र बोल्ट साचलेल्या खाऱ्या पाण्यात, हवेविना बुडालेला असतो. तेथे संरक्षक थर तुटतो आणि खड्डे पडून बोल्टला कंबर येते, म्हणजे तो मध्येच बारीक होतो. माझ्या बोटीचे सातही नट निर्दोष दिसत होते. कील उतरवल्यावर त्यांपैकी दोन बोल्टांचा जोडाजवळचा व्यास निम्म्यावर आलेला आढळला. व्यास निम्मा म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश.

आपल्या कीलचा हिशेब ढोबळमानाने मांडून पाहू. तिचा गुरुत्वमध्य जोडाखाली ६० सेंटिमीटरवर आहे असे धरले आणि बोट पूर्ण आडवी झाली, तर जोडावर १०८० किलोग्रॅम-मीटरचा मोड (वाकवणारा जोर) येतो. तो पेलणाऱ्या जोडाची उपयोगी रुंदी १२ सेंटिमीटर धरली, तर वरच्या बाजूच्या बोल्टांवर मिळून सुमारे ९००० किलोची ओढ पडते. चार निरोगी बोल्ट ती सहज घेतील. त्यांतले दोन कंबर आलेले असले तर उरलेल्या दोघांवर काय येते, हे वेगळे सांगायला नको.

ध्वनिलहरींच्या यंत्राने बोल्ट तपासता येतात आणि ते अवश्य करावे. त्यासाठी बोल्टचे वरचे टोक सपाट घासून घ्यावे लागते. परंतु शिशाच्या कीलमध्ये बहुधा वाकवलेले बोल्ट ओतताना बसवलेले असतात आणि वाकापासून येणारा प्रतिध्वनी अननुभवी माणसाला फसवतो. जोडातून गंजाचे पाणी येत असताना मी तरी यंत्राच्या अनुकूल निकालावर कील तशीच ठेवणार नाही.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

आपल्या सूचनेप्रमाणे बोट पट्ट्यांवर उचलून पाहिले. टेकलेली असताना २ मिलिमीटर असलेली फट लोंबकळताना ३.५ मिलिमीटर झाली. मागच्या आडव्या फळ्या शाबूत आहेत. हातोडीने ठोकल्यावर सर्वत्र टणक आवाज येतो. मात्र डोलकाठीच्या पायाजवळ, पुढच्या दोन बोल्टांच्या मध्ये, आवाज बोदा आहे आणि वॉशर फायबरग्लासमध्ये थोडे रुतले आहेत. आता कील उतरवण्याचे ठरवले आहे. रुतलेल्या भागाचे काय करावे?

दुसऱ्या उत्तरकर्त्याचे स्पष्टीकरण

बोदा आवाज आणि रुतलेले वॉशर यांवरून ठोकळ्याच्या आत लाकूड असून ते कुजले असावे असे वाटते. त्या काळातील काही बोटींत कीलवरच्या ठोकळ्यात प्लायवूडचे थर घातलेले होते. डोलकाठीचा दाब नेमका तेथेच उतरतो. लाकूड दबले की बोल्टांचा ताण जातो आणि पुढची फट उघडते. असे असेल तर नवे बोल्ट घालूनही काही महिन्यांत तीच स्थिती येईल. म्हणून आतून वरचा थर कापून ओले लाकूड पूर्ण काढावे आणि पोकळी चांगली वाळू द्यावी, त्यात घाई करू नये. मग ती एपॉक्सी व काचकापडाच्या थरांनी भरीव करावी. कडेचा उतार जाडीच्या किमान बारापट लांब ठेवला तर नवे थर जुन्याला नीट धरतात. या कामापूर्वी डोलकाठी काढलेली असावी.

कील उतरवताना ती उभी धरणारा भक्कम घोडा आधी तयार ठेवावा. नट पूर्ण काढू नयेत, काही आट्यांवर तसेच ठेवावेत, म्हणजे सीलंट (जोडातला चिकट, पाणी अडवणारा थर) सुटताच कील अचानक घसरणार नाही. जोडात लांब पात्याची करवत फिरवावी, लाकडी पाचरी हळूहळू ठोकाव्यात आणि बोट थोडी थोडी उचलावी. या काळात कोणीही खाली जाऊ नये.

बोल्ट बदलायचे ठरले तर शिशात बाजूने खिडकी कोरून जुन्याशेजारी नवा बोल्ट व नट बसवणे ही रूढ पद्धत आहे. घासलेल्या शिशावर ऑक्साइडचा थर लगेच चढू लागतो. म्हणून एपॉक्सी लावून ती ओली असतानाच तारेच्या ब्रशने घासावे, तरच ती धरते.

जोडणीपूर्वी एकदा कील सीलंटशिवाय कोरडी बसवून दोन्ही पृष्ठे जुळतात का पाहावे. उंचसखल असल्यास एका पृष्ठाला मेण लावून दुसऱ्यावर घट्ट एपॉक्सी द्यावी, म्हणजे तिचाच साचा तयार होतो. अंतिम जोडणीला मी पॉलियुरेथेन सीलंट वापरले. पॉलिसल्फाइडही चालते, सिलिकॉन मात्र वापरू नये. ठोकळ्याच्या खालच्या बाजूने प्रत्येक बोल्टच्या भोकाची कड तिरकी घासावी, म्हणजे तेथे सीलंटचे जाड कडे बनते आणि पाणी बोल्टपर्यंत पोहोचत नाही. प्रथम कडांतून सीलंट बाहेर येईल एवढेच आवळावे, आठवडाभर थांबावे आणि मग मधल्या बोल्टपासून टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळावे. टॉर्कचा आकडा बोट बांधणाऱ्याचाच घ्यावा आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे पाहून घ्यावे. वंगण लावलेल्या आट्यांवर त्याच आकड्याने बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो.

पहिल्या उत्तरकर्त्याची पुरवणी

बाहेरची रेषा कडक लुकणीने भरू नये. लवचीक सीलंटच ठेवावे, म्हणजे जोड पुन्हा हलू लागला तर ते लपून राहणार नाही. वॉशरही बदलावेत: जुने लहान असतील तर त्यांच्या जागी जाड व रुंद पट्ट्या घालाव्यात. शेवटी प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. बोट पाण्यात गेल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर टॉर्क पुन्हा तपासावा आणि त्यानंतर दर हंगामात त्या रेघा सरळ जुळलेल्या आहेत का, म्हणजे नट फिरलेला नाही ना, हे पाहावे.