एसीचा कॉम्प्रेसर: दुरुस्त करावा की बदलावा, आणि खर्च नेमका किती? (आपापले अनुभव लिहावेत)

घरातील एसी थंड करेनासा झाला की 'कॉम्प्रेसर गेला आहे', म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप बिघडला आहे, हे निदान ऐकायला फार वेळ लागत नाही. मात्र त्यापोटी सांगितला जाणारा आकडा एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत दुपटीने वेगळा असतो. म्हणून हा धागा काढत आहे. लिहिताना एसी किती टनाचा व किती जुना, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारा) की साधा, गॅस कोणता, वॉरंटी होती का आणि बिलातील प्रत्येक रक्कम कशाची, एवढे आवर्जून सांगावे. नुसत्या एकूण आकड्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

सुरुवात माझ्यापासून. पुण्यातील घरी दीड टनाचा, आर-32 गॅसवरचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी होती आणि सातव्या वर्षी तो बंद पडला, त्यामुळे काम फुकटात होईल असे घरात सर्वांनी धरून चालले होते. हातात आलेल्या अंदाजपत्रकात कॉम्प्रेसरची किंमत खरोखरच शून्य होती. खाली मात्र गॅस 3,200, मजुरी व ब्रेझिंग (नळ्यांचे सांधे जोडणे) 1,600, फिल्टर ड्रायर (गॅसमधील ओलावा व कचरा अडवणारा भाग) 400, ने-आण 600, म्हणजे 5,800 आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,044 धरून एकूण 6,844 रुपये मांडलेले होते. वॉरंटीपत्राच्या मागील बाजूला बारीक अक्षरांत हेच छापलेले आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. दहा वर्षांची हमी ही एका सुट्या भागाची असते, दुरुस्तीची नव्हे, हे दुकानात खरेदीच्या वेळी कोणी बोलून दाखवत नाही एवढेच.

नागपूरहून

आमचा साधा, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर एसी ऐन मे महिन्यात बंद पडला. बाहेरच्या युनिटमधील पंखा फिरायचा, कॉम्प्रेसर काही सेकंद घुमल्यासारखा आवाज करायचा आणि टक् करून थांबायचा. पहिल्या मेकॅनिकने युनिटचे झाकणही न उघडता 14,500 रुपये सांगितले. दुसऱ्याने मुख्य स्विच बंद केला, कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला जोर देणारा विजेचा सुटा भाग) स्क्रूड्रायव्हरने डिस्चार्ज केला, वायर सोडवल्या आणि मीटर लावला. कपॅसिटरवर 50 मायक्रोफॅरड छापलेले होते, मीटर 31 दाखवत होता. त्यानंतर त्याने कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलमधील रोध मोजून दाखवला: कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट यांची बेरीज स्टार्ट ते रन एवढी आली आणि कोणतेही टर्मिनल बॉडीशी जोडलेले आढळले नाही, अर्थात वाइंडिंग (मोटरमधील तारेची गुंडाळी) शाबूत होते. नवा कपॅसिटर आणि भेटीचे शुल्क मिळून 650 रुपयांत एसी सुरू झाला.

आमच्याकडे 45 अंशांच्या उन्हात गच्चीवर उघडे पडलेले युनिट आणि संध्याकाळी सर्वांचे एसी एकदम सुरू झाल्यावर खाली येणारा व्होल्टेज, या दोन्ही गोष्टी कपॅसिटरच्या मुळावर येतात. त्यामुळे विदर्भातील मंडळींनी कॉम्प्रेसरच्या नावाने पैसे मोजण्यापूर्वी हा सुटा भाग तपासून घ्यायला सांगावे.

डोंबिवलीहून

वरील अनुभव साध्या एसीचा आहे. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरची मोटर थेट विजेवर चालत नाही, ती बाहेरच्या युनिटमधील पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) चालवतो. त्यामुळे पडद्यावर कॉम्प्रेसरचा एरर कोड आला तरी दोष पीसीबीत असू शकतो. आमच्याकडे तेच निघाले. यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही टर्मिनलमधील रोध सारखाच आला म्हणून कॉम्प्रेसर दोषमुक्त ठरला. नव्या पीसीबीचे 7,500 सांगितले होते; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुरुस्तीच्या दुकानात तोच 2,200 रुपयांत सुरू करून मिळाला.

वेंगुर्ल्याहून

समुद्राकाठी गणित निराळे आहे. येथे कॉम्प्रेसर स्वतःहून क्वचितच जातो. आधी खाऱ्या हवेने कंडेन्सरची (बाहेरच्या युनिटमधील, उष्णता बाहेर टाकणारी) कॉइल खाल्ली जाते, गॅस हळूहळू निघून जातो, आणि अपुऱ्या गॅसवर एसी तसाच चालू राहिला की कॉम्प्रेसर तापून बसतो, कारण वायूच्या प्रवाहाबरोबरच मोटरची उष्णता बाहेर जाते आणि तेलही त्याच्यासोबत फिरून परत येते. आमच्या घरी दर पावसाळ्यानंतर गॅस भरून घेण्याचा पायंडाच पडला होता. शेवटी कॉइल आणि कॉम्प्रेसर असे दोन्ही मिळून 24,000 रुपयांचे अंदाजपत्रक आले, तेव्हा तो एसी काढून टाकला. नवा घेताना कॉइल तांब्याची आणि संरक्षक लेप असलेली पाहून घेतली. बाहेरचे युनिटही समुद्राकडची भिंत सोडून मागील पडवीच्या बाजूला बसवले आहे.

नाशिकहून (मी या व्यवसायात आहे)

मी आयटीआयमधून हाच ट्रेड केला असून अनेक वर्षे दुरुस्ती करतो. वर मेकॅनिकवर बरेच ताशेरे आले आहेत आणि त्यांतील काही रास्तही आहेत; तरीही कमी पैशांत कॉम्प्रेसर बदलून देणाऱ्याने कोणते काम गाळले, हे ग्राहक विचारत नाही, याचे मला नवल वाटते.

जुना कॉम्प्रेसर काढल्यावर मी त्यातील तेल पांढऱ्या वाटीत ओततो आणि ग्राहकाला दाखवतो. तेल फिकट व स्वच्छ असेल तर बिघाड बहुधा यांत्रिक असतो. ते काळे पडून त्याला आंबूस, जळका वास येत असेल तर वाइंडिंग जळून आम्ल तयार झालेले असते आणि ते पाइप व कॉइलमध्येही पसरलेले असते. अशा वेळी संपूर्ण मार्ग धुऊन नायट्रोजनने साफ करणे, फिल्टर ड्रायर व कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी) बदलणे, दाबाखाली गळती तपासणे आणि आतील हवा व ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ चालवणे ही सर्व कामे करावीच लागतात. आर-32 च्या कॉम्प्रेसरमध्ये सहसा असणारे पीओई (एक कृत्रिम) तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, त्यामुळे व्हॅक्यूम टाळला तर नवा कॉम्प्रेसरही लवकरच त्याच वाटेने जातो. गॅस अंदाजाने भरायचा नसतो, वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. किती ग्रॅम, ते युनिटच्या नेमप्लेटवर लिहिलेले असते.

दराविषयी सांगायचे तर दीड टनाचा साधा रोटरी कॉम्प्रेसर मी 7,000 ते 10,000 रुपयांत आणि इन्व्हर्टरचा 11,000 ते 18,000 रुपयांत आणतो. गॅस आणि वरील काम धरून आणखी पाच-सहा हजार होतात. 'रिकंडिशन' कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळतो, पण तो कवच कापून, वाइंडिंग करून पुन्हा वेल्ड केलेला असतो आणि त्याची हमी काही महिन्यांचीच असते. भाड्याच्या घरातील जुन्या एसीसाठी ठीक. स्वतःच्या घरासाठी मी तो सुचवत नाही.

ठाण्याहून

वॉरंटीबाबत एक भर घालतो. आमच्या वेळी सेवा केंद्राने 'बिलाची मूळ प्रत नाही' म्हणून कॉम्प्रेसर द्यायला नकार दिला होता. दुकानदाराकडून दुसरी प्रत मिळवली, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक कंपनीला कळवल्यावर प्रकरण मार्गी लागले. जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. बिल मात्र खरेदीच्या दिवशीच फोनमध्ये टिपून ठेवावे. थर्मल कागदावरील अक्षरे उडून जातात.

सोलापूरहून

आमचा विंडो एसी बारा वर्षांचा, आर-22 गॅसवरचा होता. हा गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, आणि त्याजागी त्याच एसीत आर-32 भरता येत नाही, कारण त्याचा दाब दीडपटीहून जास्त असतो. कॉम्प्रेसरसह 13,000 रुपयांचा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे घरात एकमताने ठरले. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला असल्यामुळे नव्या एसीचा भावही थोडा उतरलेला होता. तीन स्टारचा दीड टन इन्व्हर्टर 36,500 रुपयांना घेतला, जुना देऊन त्यात 2,500 सुटले. बसवताना मात्र स्टँड, वाढीव तांब्याची नळी, ड्रेन पाइप आणि भिंतीला भोक पाडणे यांचे 3,900 रुपये वेगळे द्यावे लागले. दुकानात भाव ठरवतानाच या चार बाबी लिहून घेता येतात, आणि शेजाऱ्यांनी नंतर त्याच दुकानातून तशा घेतल्याही.