पियाजेचा पाण्याचा प्रयोग: मूल चुकतं की प्रश्न?

प्रश्न: भांड्याचा आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलाला कळतं का, ते पाहणारा मानसशास्त्रज्ञ पियाजेचा हा प्रयोग प्रात्यक्षिकासाठी 5 वर्षांच्या मुलांवर घ्यायचाय. मांडणी कशी करावी?

उत्तर 1: दोन सारखे ग्लास, तिसरा उंच-अरुंद. दोन्हींत 150 मिली रंगीत पाणी. "सारखंच आहे ना?" हे आधी मुलाकडून कबूल करून घ्या, नाही म्हणालं तर त्यालाच थोडं थोडं ओतून जुळवू द्या. मग त्याच्यासमोर एका ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओता आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. "कशावरून?" विचारायला विसरू नका, नुसतं हो-नाही कामाचं नाही.

उत्तर 2: तोच प्रश्न दोनदा ऐकला की मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं. रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी 1974 मध्ये, पाण्याऐवजी सोंगट्या घेऊन, रांगांची मांडणी बदलल्यावर संख्येबद्दल एकदाच विचारलं. 6 वर्षांच्या मुलांच्या चुका घटल्या.

उत्तर 3: तरी 5 वर्षांचं मूल बहुधा "उंच ग्लासात जास्त" म्हणणारच. आणि ओतताना सांडू नका, नाहीतर "कमी झालं" हे उत्तर बरोबरच की!