घराण्यात डायबेटिस आहे, म्हणून पथ्य सोडायचं?

वर एकांनी लिहिलंय, "डायबेटिस आमच्या जनुकांतच आहे, मग पथ्य पाळून काय उपयोग?" हे मला अजिबात पटत नाही.

एका जनुकावर सगळं ठरतं असे आजार आहेतच. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. पण उंचीशी संबंधित अशा डीएनएमधल्या जागा २०२२ च्या अभ्यासात १२ हजारांवर निघाल्या, आणि एकेकीचा वाटा अगदी नगण्य!

शिवाय जनुक तेच असलं, तरी परिणाम परिस्थितीनुसार बदलतो. सयामी मांजर नीट बघा. अंग फिकट, कान, पंजे, शेपटी काळपट. जनुक सगळीकडे तेच, पण त्यापासून बनणारं रंगाचं एन्झाइम उबेत काम करत नाही. म्हणून आईच्या पोटातल्या उबेतून आलेली पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात.

आता आपल्या पुण्याचंच घ्या. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, तरी त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून! पुढे असंही दिसलं, की गरोदरपणी ज्यांच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध (ज्यातून पुढे डायबेटिस होऊ शकतो) सर्वांत जास्त होता. हा आईच्या पोषणाशी असलेला संबंध आहे, नुसत्या वारशाचा नाही.

घरात कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल जरूर विचारा.