सीपॅपच्या फिल्टरला कात्री लावू नका

रातपाळी
काल मोकळाश्वास यांनी लिहिलं की सीपॅपसोबत (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) मिळणारा पांढरा फिल्टर म्हणजे शुद्ध धूळफेक आहे. खोलीतल्या एअर प्युरिफायरचा हेपा कागद (अतिबारीक कण पकडणारा) आणा, मापाने कापा, दुहेरी करून बसवा, नाक मोकळं होईल. त्याखाली लगेच ‘आजच करतो’, ‘कात्री शोधतेय’ असे प्रतिसाद आले. राहवलं नाही म्हणून लिहितोय, आणि लांबणार आहे.

फिल्टर सुधारायला माझी हरकत नाही, हरकत कात्रीला आहे. प्युरिफायरचा हेपा कधी निरखून बघा. तो चपटा कागद नसतो. घड्या घालून चौकटीत ठासलेला असतो. हवा त्या सगळ्या घड्यांवर वाटली जाते, म्हणून पंख्याला ती ओढता येते. तुम्ही त्यातला काड्यापेटीएवढा तुकडा काढता, तोही दुहेरी करता, आणि रात्रभराची हवा तेवढ्यातून ओढायला लावता. बऱ्याच हेपा कागदांत काचेचे अतिबारीक तंतू असतात. चौकटीत त्यांच्या कडा गोंदाने बंद केलेल्या असतात, कापल्या की उघड्या पडतात. त्या कडेपुढे ब्लोअर, म्हणजे यंत्रातला हवा ढकलणारा पंखा, ब्लोअरपुढे नळी, नळीपुढे तुमचं नाक. मध्ये अडवणारं काहीही नाही.

आणि बसवणीचं काय? माझ्या ओळखीतल्या एकाने असाच तुकडा लावला होता. मी झाकण उघडून पाहिलं तर कागद पांढराशुभ्र आणि खाचेच्या वरच्या कोपऱ्यात आतपर्यंत गेलेली राखाडी रेघ. हवा कागदातून जातच नव्हती, कडेच्या फटीतून जात होती. कागद जितका दाट, तितकी हवा फट शोधते. म्हणजे हेपा लावून तो कंपनीच्या फिल्टरपेक्षा जास्त धूळ ओढत होता.

बारीक फिल्टर हवा असेल तर बहुतेक यंत्रांना तो बनवलेला मिळतो. रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० यंत्राला साधा आणि हायपोॲलर्जेनिक (ॲलर्जीवाल्यांसाठीचा बारीक) असे दोन आहेत. फिलिप्सच्या ड्रीमस्टेशनला धुण्याजोगा पोलन फिल्टर आणि त्याला जोडून वापरून टाकायचा अल्ट्रा-फाइन. ते घ्या ना.

मोकळाश्वास
माझं नाव घेऊन धागा काढलात, आता ऐकून घ्या.

तुम्हाला ॲलर्जी नाही, हे तुमच्या लिहिण्यातूनच कळतं. आमच्या शेजारी बांधकाम सुरू झालं तेव्हापासून मी रात्री नाक चोंदून उठायचो, मास्क ओढून फेकायचो आणि सकाळी बायकोकडून ऐकायचो की तुम्ही पुन्हा घोरत होतात. कंपनीचा फिल्टर आठवडाभरात करडा व्हायचा. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, ‘साहेब, सहा महिने चालतो.’ बारीक फिल्टर मागितला तर त्याला तो प्रकारच माहीत नव्हता! तेव्हा मी कागद कापून बसवला आणि झोप लागली. हा माझा अनुभव आहे आणि तो कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मोठा आहे.

राहिला अडथळ्याचा प्रश्न. स्क्रीनवर माझं प्रेशर जिथल्या तिथे आहे आणि एएचआय (झोपेत तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा) तसाच आहे. मग कुठे अडलं?

जुनाब्लोअर
माझी अख्खी नोकरी अशी यंत्रं उघडण्यात सरली, म्हणून प्रेशरचं तेवढं सांगतो.

स्क्रीनवर फरक दिसणारच नाही. प्रेशर मोजणारा सेन्सर बहुतेक यंत्रांत ब्लोअरच्या पुढे, बाहेर पडणाऱ्या हवेवर असतो. आत येताना अडथळा वाढला की यंत्र ब्लोअर जोरात फिरवतं आणि ठरलेला आकडा गाठतं. आकडा तोच राहतो, मोटर जास्त राबते, आवाज वाढतो, उष्णता वाढते. ६-७ प्रेशरवाल्याला (माप सेंटिमीटर पाण्याचं) कदाचित कधीच कळणार नाही. १६-१८ वाल्याचा मास्क थोडा लीक होत असला की हीच मोटर टेकीला येते. मास्कला मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून १० प्रेशरलाच मिनिटाला साधारण ३०-४० लिटर हवा सतत बाहेर जात असते, आणि तुमचा श्वास त्याच्यावर. ही सगळी त्या तुकड्यातून यायची.

यंत्र आणि नळीच्या मध्ये बसतो तो जंतू अडवणारा बॅक्टेरियल फिल्टर, त्याची गोष्ट वेगळी. तो सेन्सरच्या पुढे येतो, म्हणून त्याने खाल्लेलं प्रेशर यंत्राला आपोआप समजत नाही. एअरसेन्स १० च्या क्लिनिकल मेन्यूत त्यासाठी एबी फिल्टर हो/नाही असा पर्याय दिलेला आहे. तो न बदलता फिल्टर लावलात तर मास्कपाशी प्रेशर कमी पोचतं. ह्युमिडिफायरच्या (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) पुढे लावला तर ओला होऊन अजून गच्च होतो. कुणी लावणार असेल तर डॉक्टरला किंवा टेक्निशियनला सांगून लावा.

चांदणी
मोकळाश्वासदादा, चोंदलेलं नाक म्हणजे धूळच असं कशावरून? माझंही नाक रोज चोंदायचं. मीही फिल्टरच्याच मागे लागले होते. निघालं काय, तर झोपेत तोंड उघडं राहायचं, हवा तोंडातून निसटायची, नाकातून कोरड्या हवेचा झोत सुरूच. नाक सुजणार नाही तर काय! ह्युमिडिफायर वाढवला, गरम होणारी नळी घेतली, मास्क बदलला. फिल्टर तोच राहिला.

आणि परागकण बहुतेक १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे असतात. ते साधा फिल्टरही बऱ्यापैकी अडवतो, उरलेले नाक अडवतं. धूर मात्र १ मायक्रॉनच्या खालचा, तिथे बारीक फिल्टरचा उपयोग आहे. धुराचा वास जायचा नाही, कारण तो वायू आहे. त्याला वास शोषणारा कार्बन लागतो, आणि एवढ्याशा तुकड्यातला कार्बन किती दिवस पुरणार?

मोकळाश्वास
मला तोंडाने श्वास घ्यायची सवय नाही. लीकचा आकडा बघूनच बोलतोय. आणि हेपा ०.३ मायक्रॉनपर्यंतच पकडतो, त्याखालचं निसटतं, म्हणून तर दुहेरी केला.

चांदणी
उलटं आहे दादा. ०.३ च्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून मोजमाप तिथे घेतात आणि ९९.९७ टक्के म्हणतात. त्याहून बारीक कण इकडेतिकडे थरथरत जातात आणि तंतूंना जास्त चिकटतात. दुहेरी करून तुम्ही फक्त अडथळा दुप्पट केलात.

लखलखीत
सगळेच फिल्टरवर भांडताय. खरी घाण नळीत आणि मास्कमध्ये असते. आम्ही ओझोनची पेटी घेतली आहे. ह्यांचं यंत्र नळीसकट रोज तिला जोडते. जंतू नाहीत, वास नाही, धुणं नाही. तेव्हापासून ह्यांना सर्दी झालेली नाही. फिल्टरचा हा सगळा खटाटोपच नको.

शंकेखोर
ताई, ती पेटी आजच बंद करा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२० मध्येच ओझोन आणि अतिनील किरणांच्या सीपॅप-सफाई यंत्रांबद्दल इशारा दिला होता. खोकला, डोकेदुखी, नाकाची जळजळ, दम्याचा झटका अशा तक्रारी आल्या होत्या. जंतू मारायला जितका ओझोन लागतो तो माणसाला सोसणाऱ्या ओझोनपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो नळीत उरला की सरळ फुप्फुसात. पुढे जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो यंत्रं परत बोलावली. आतला आवाज दाबणारा पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या वाटेत येऊ शकत होते. ओझोनने तो फोम लवकर कुजू शकतो असं कंपनीनेच सांगितलं. तुम्ही रोज यंत्रात ओझोन सोडताय!

लखलखीत
तुम्ही घरात येऊन बघितलंय का? मी सांगितलेली वेळ पाळते, पेटीचं झाकण उघडून हवा जाऊ देते. आणि त्या परत बोलावण्याचं मला सांगू नका. ह्यांचं यंत्र त्याच यादीत होतं. आम्हाला कुणी कळवलं? ज्याच्याकडून यंत्र घेतलं त्याच्याकडे पत्ता, फोन, सगळं होतं. मास्क संपले की विकायला बरोबर फोन यायचे. ह्या वेळी एक फोन नाही. नातेवाइकाने बातमी पाठवली तेव्हा कळलं. मी नळी पांढऱ्या रुमालावर झटकली तर काळे बारीक ठिपके पडले. आमची ती रात्र कशी गेली ते आम्हालाच माहीत. म्हणून मी स्वच्छतेच्या मागे आहे.

शंकेखोर
तुमचा राग त्या पुरवठादारावर आहे आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. यादी निघाल्यावर गिऱ्हाइकाला कळवणं हे त्याचं पहिलं काम होतं. पण काळे ठिपके बघितल्यावर त्याच घरात ओझोन सुरू ठेवायचा, हे मला समजत नाही.

लखलखीत
समजत नाही तर बोलू नका. तुमच्यासारखे लोक तारखा आणि इशारे फेकतात. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका काकांनी घाबरून यंत्रच कपाटात टाकलं. ऑक्सिजन रात्री किती खाली जायचा ते त्यांच्या मुलीला विचारा. घाबरवणं सोपं असतं.

जुनाब्लोअर
यंत्र बंद ठेवण्याबद्दल ताई बरोबर बोलतायत. डॉक्टरला न विचारता थेरपी थांबवू नये, हे तेव्हाही सांगितलं जात होतं. पण ओझोनवर मी शंकेखोर यांच्या बाजूने. मी असा फोम उघडलाय. बोट लावलं की पिठासारखा सुटतो, काळा आणि चिकट. आणि मूळ धाग्यासाठी महत्त्वाचं म्हणजे तो फोम फिल्टरच्या आतल्या बाजूला असतो. तुम्ही हेपा लावा, दुहेरी लावा, चौपदरी लावा, आतून सुटणाऱ्या कणांना तो अडवूच शकत नाही. पुढचा बॅक्टेरियल फिल्टर कण काही प्रमाणात अडवेल, वायू नाही.

स्वच्छतेचं म्हणाल तर मास्कची गादी रोज, नळी आणि पाण्याची टाकी आठवड्याला, कोमट पाणी आणि सौम्य साबण. नळी टांगून वाळवायची. याहून काही लागत नाही.

लखलखीत
नळी वाळायला किती वेळ लागतो ते धुणाऱ्याला विचारा. ठीक आहे, यंत्राला जोडणं थांबवते, नुसता मास्क पेटीत ठेवीन.

शंकेखोर
मास्कही नको ताई. सिलिकॉनच्या गादीला ओझोनचा वास धरून राहतो आणि तोच रात्रभर नाकाशी असतो.

लखलखीत
एक गोष्ट मान्य केली की दुसरी मागताय. पुरे.

रातपाळी
धागा फिल्टरचा आहे म्हणून परत आणतो. मोकळाश्वास, तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हटलेलं नाही. बांधकामाची धूळ असेल तर बारीक फिल्टर हवाच. पण तुमच्या यंत्राच्या नावाचा, खाचेत चपखल बसणारा. आणि ज्या प्युरिफायरचा कागद तुम्ही कापलात तो नवा कागद घालून, अख्खा, पलंगाजवळ चालवा. यंत्र खोलीतलीच हवा ओढतं. खोली स्वच्छ झाली की फिल्टरवरचं अर्धं ओझं उतरतं. यंत्र जमिनीवर ठेवू नका, पडद्याला आणि पांघरुणाला लागून ठेवू नका. त्यांचे तंतू सगळ्यात आधी फिल्टरवर येऊन बसतात.

मोकळाश्वास
कापलेला तुकडा काढतो. काचेच्या तंतूंचं आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण साधा फिल्टर पुरतो हे मी मान्य करणार नाही, आणि ‘सहा महिने चालतो’ म्हणणाऱ्यांना तर मुळीच सोडणार नाही. बारीक फिल्टर मिळेपर्यंत साधाच दर आठवड्याला धुऊन वापरतो.

जुनाब्लोअर
पांढरा धुऊ नका! साधा असो की बारीक, तो धुवायला बनवलेला नसतो. बारीक फिल्टरच्या तंतूंवर बऱ्याचदा विजेचा भार असतो, बारीक धूळ त्यानेच चिकटते. पाणी लागलं की तो कमी होतो. फिल्टर दिसायला स्वच्छ होतो, पकड गेलेली असते. शिवाय ओला राहिला तर दमट हवा आत. झटकणंही नको. धुण्याजोगा असतो तो गडद रंगाचा जाड फिल्टर. तो धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

चांदणी
आणि सहा महिने ही कमाल मुदत आहे. एअरसेन्सच्या मॅन्युअलमध्ये धुळीने भरला किंवा छिद्र पडलं तर आधीच बदला असंही लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. ड्रीमस्टेशनचा अल्ट्रा-फाइन तर ३० रात्रींनी बदलायचा. करडा दिसला की बदला, कॅलेंडर बघत बसू नका.

मोकळाश्वास
म्हणजे आठवड्याला बदलायचा म्हटलं तर मला वर्षाला पन्नासच्या वर लागतील. पुरवठादार देणार का तेवढे?

रातपाळी
खोलीत प्युरिफायर चालवून बघा, इतके लागणार नाहीत. आणि पुरवठादाराला फोनवर ‘बारीक फिल्टर’ म्हणू नका. यंत्राच्या खालच्या लेबलवरचा मॉडेल नंबर सांगा आणि त्याच मॉडेलचा हायपोॲलर्जेनिक मागा. नाही म्हणाला तर दुसरा पुरवठादार बघा.

मोकळाश्वास
मागतो. नाही मिळाला तर इथेच येऊन लिहीन, आणि तेव्हा मॅन्युअल पुढे करू नका.