कुडाळला घर: चिरा, सळई, हत्यारं इथलीच घ्यायची आहेत, काय तपासू?

ओळंबा: ८०० चौरस फुटांचं घर बांधायचंय. पैसा जमेल तितका जिल्ह्यातल्या, नाहीतर राज्यातल्या कामगारांकडे जावा अशी मनापासून इच्छा आहे. जांभ्याचा चिरा, जालन्याची सळई, हत्यारं देशी. पण दुकानदार सगळ्यालाच ‘इंडियन’ म्हणतो. ओळखायचं कसं, आणि फसगत कुठे होते?

कानस: हत्यारांचं सांगतो. पाकीट उलटं करून ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ शोधा. नुसतं ‘मार्केटेड बाय’ असेल तर तो पत्ता विकणाऱ्याचा, कारखान्याचा नव्हे. आयात मालावर आयातदाराचं नाव आणि ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ छापावंच लागतं, बहुतेकदा अगदी बारीक अक्षरात. ८९० ने सुरू होणारा बारकोड बघून खूश होऊ नका. कंपनीने नंबर भारतात घेतला, एवढाच त्याचा अर्थ. पक्कड-पान्यांसाठी टापरियाचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये आहे, जेकेच्या कानशी रत्नागिरी-चिपळूणला होतात.

पहार, टिकाव, छिन्नी मात्र गावच्या लोहाराकडूनच घ्या. धार गेली की तोच परत पाणी देतो, म्हणजे टोक तापवून, पाण्यात बुडवून कडक करतो. टोक लाल करून फक्त इंच-दीड इंच बुडवायचं, बाहेर काढून चटकन घासायचं, मागची ऊब टोकाकडे येताना रंग पिवळ्यावरून जांभळा होतो, तेव्हा पूर्ण बुडवायचं. घाईत लालभडक टोक थेट गार केलं तर जांभ्यावर दुसऱ्या घावाला तुकडा उडतो.

सळईवाला: जालन्याची सळई बिनधास्त घ्या, पण एफई ५०० डी दर्जाची (मजबूत आणि जास्त ताण सोसणारी) मागा आणि त्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट बिलासोबत घ्या. सळईवरचा आयएसआयचा सीएम/एल (म्हणजे परवाना) नंबर मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव-पत्ता येतो. गाव कोणतं, ते तिथेच कळतं.

खरी चोरी वजनात होते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरचं वजन: ८ मिमी ०.३९५ किलो, १२ मिमी ०.८८९. बारा मीटरच्या १२ मिमीच्या दहा सळया एकत्र तोला, १०६ किलोच्या पुढे भरायला हव्यात. मानकात १२ मिमीला ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे १०१ च्या खाली भरल्या तर परत पाठवा. लांबीही टेपने मोजा. किलोवर घेतलं म्हणून निर्धास्त राहू नका: इंजिनिअरने कॉलममध्ये सहा सळया सांगितल्या तर गवंडी सहाच टाकणार, आणि त्या हलक्या असतील तर लोखंड कमीच पडणार.

ओळंबा: आणि चिरा? खाणीवरून थेट उचलला तर चालेल?

चिरेखाण: चालेल, पण लगेच लावू नका. ताजा चिरा ओला आणि मऊ असतो, हवेवर ठेवला की कडक होतो. पावसाळ्याआधीचा उचला, हवा खेळेल असा रचा. ओल्यावर गिलावा केला की वर्षाच्या आत पोपडे सुटतात. प्रत्येक गाडीतले पाच-सहा चिरे हातोडीने वाजवा. आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर बाजूला काढा. पिवळ्या-पांढऱ्या मातीच्या गाठी दिसल्या तर तो चिरा बाहेरच्या भिंतीला नको, पावसात माती धुऊन भोकं पडतात. शंका असेल तर एक चिरा सुकवून तोला, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोला. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती खाण सोडा. लावताना मात्र चिऱ्यावर पाणी मारा, नाहीतर तो मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. मसाला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरतो.