मदत हवी आहे: काकांच्या सहा कॅसेटी, बँड एकच, माणसं मात्र दर वेळी वेगळी

रविवार_कारंजा

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

तर झालंय असं, आमचे धाकटे काका गेल्या वर्षी गेले. सातपूरला एका जर्मन कंपनीत होते आणि १९८१ मध्ये कंपनीनं त्यांना काही महिने तिकडे ट्रेनिंगला पाठवलेलं. बाकीच्यांनी येताना घड्याळं नि सेंट आणले, हे आले टू-इन-वन आणि कॅसेटी घेऊन. तिथला एक जर्मन सहकारी नंतरही बरीच वर्षं कॅसेटी भरून पोस्टानं पाठवत होता. बँड म्हणजे टँजरीन ड्रीम, जर्मनीचाच, इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजवणारा. आमच्या आजीला बँड म्हणजे वरातीपुढचा एवढंच माहीत, ती विचारायची, ह्यात बाजा कुठंय रे? आणि काकू त्याला अजूनही टुंगटुंग म्हणते.

आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. काकू परवा म्हणाली, "त्यांचं ते टुंगटुंग एकदा पेनड्राइव्हवर घालून दे रे, ताईलाही पुण्याला पाठवता येईल." मी म्हटलं हात्तिच्या, एका रविवारचं काम. इथेच फसलो.

सहा कॅसेटी आहेत. एकावरही अल्बमचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही. काकांनी निळ्या शाईनं फक्त 'टॅं. ड्री.' आणि त्याखाली स्वतःची खूण लिहिलीय, ती अशी:

'तिघे. जुने.'
'चौघे. गातात!!' (दोन उद्गारचिन्हं त्यांचीच)
'नवा गडी. टाळ्या.'
'बाई. वाघ.'
'बापलेक.'
आणि सहावीवर नुसतं 'हेच का ते?'

नेटवर बघायला गेलो तर शंभराच्या वर अल्बम दिसतात आणि दर चार वर्षांनी फोटोतली माणसं बदललेली. कोण आलं कोण गेलं ह्याचा मेळच लागेना. मला प्रत्येक फाइलला अल्बमचं नाव, साल आणि वाजवणाऱ्यांची नावं द्यायचीत. कोणाला ओळखता येईल का?

दुसरा प्रश्न तांत्रिक. 'तिघे. जुने.' ह्या कॅसेटमध्ये पहिल्या बाजूला खाली एक डुगडुगडुग असा आवाज सारखा चालू असतो तो हळूहळू बेसूर होत जातो. मी बेल्ट बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं, शेवटी मेन रोडच्या एका दुकानात नेली, त्यानं साडेचारशे घेतले आणि सांगितलं टेप ताणलीय, फेकून द्या. फेकवत नाहीये. काही उपाय?

लेहरा

अहो फेकू नका!! दुकानदाराला साडेचारशे दिलेत ते विसरा, टेप बहुतेक ठणठणीत आहे.

हा फीड्रा असणार, १९७४ चा. तिघे म्हणजे एडगर फ्रोझे, ख्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान. पहिली बाजू म्हणजे जवळजवळ सगळं एकच वादन, सतरा मिनिटांच्या वर. ते डुगडुग म्हणजे सीक्वेन्सर. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवाला तेच तेच लेहरा धरून बसतो ना, ते काम इथे मशीन करतं. ओळीनं बटणं फिरवून स्वर लावायचे आणि ते तीच ओळ फिरून फिरून वाजवत राहतं. त्यांच्याकडे होता मोठा कपाटाएवढा मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य. त्या काळच्या मूगचं असं की आतले भाग तापले की सूर सरकतो, जसा मैफिलीत पंख्याखाली तंबोरा उतरतो तसा. इंग्लंडमध्ये मॅनर स्टुडिओत फ्रांके मशीन लावून बघत होता, टेप चालू होती, सूर सरकत गेला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. म्हणजे जो दोष काढायला तुम्ही बेल्ट बदललात तो अल्बममध्येच आहे.

खात्री करायची तर एक करा. टेप ताणली असेल तर सगळेच आवाज एकदम उतरतील. फक्त खालचं डुगडुग सरकत असेल आणि वरचे व्हायोलिनसारखे लांब स्वर जागेवर असतील तर टेपचा दोष नाही. (ते व्हायोलिन पण व्हायोलिन नाहीच. मेलोट्रॉन आहे, पेटीसारखं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी, आठेक सेकंदांची. संपली की बोट उचला.)

ओझरचा_भो

काय भो, एका कॅसेटीवर तिघं ओळखले, कमाल आहे.

'चौघे. गातात!!' मी सांगतो. सायक्लोन, १९७८. बाउमान १९७७ मध्ये सोडून गेला, मग हे दोघं उरले, त्यांनी स्टीव्ह जोलिफ आणि क्लाउस क्रूगरला घेतलं. जोलिफ गाणारा, बासरी पण वाजवणारा, क्रूगर ड्रम्सवर. तोपर्यंत ह्यांच्या रेकॉर्डवर असं गाणं गायलेलं नव्हतंच, म्हणून काकांनी दोन उद्गारचिन्हं टाकली असतील. चाहत्यांनी लई शिव्या घातल्या. जोलिफ एका अल्बमातच गेला, क्रूगर पुढच्या फोर्स माजूरपर्यंत टिकला. मला विचाराल तर सायक्लोनची दुसरी बाजू भारी आहे, गाणंबिणं नाही, वीस मिनिटं नुसतं वाजवलंय.

निशाचर

'नवा गडी. टाळ्या.' म्हणजे लाइव्ह हे उघड आहे. त्यात सुरुवातीला साधा पियानो आहे का? असेल तर रिकोशे, १९७५. मी शंभर वेळा ऐकलाय.

लेहरा

निशाचर, रिकोशेमध्ये नवा गडी कोण? तेच तिघे आहेत की. आणि त्यातला पियानो दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आहे, तोही मिनिटभरच.

धागाकर्ते, पियानो कुठल्या बाजूला आहे आणि किती वेळ चालतो हे सांगाल का? नवा गडी मला योहानेस श्मोलिंग वाटतोय. हा १९७९ च्या शेवटी आला आणि १९८५ पर्यंत होता.

रविवार_कारंजा

लेहरा, तुमच्या पाया पडायचं बाकी ठेवलंय. काल रात्री काकूच्या हॉलमध्ये दोन्ही तपासलं. फीड्रामध्ये फक्त खालचं डुगडुगच सरकतं, वरचे स्वर जागच्या जागी. म्हणजे एवढी वर्षं कॅसेट ठीकच होती आणि मी काकांच्या कपाटातल्या फंगसला दोष देत बसलेलो (आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या सगळ्याच गोष्टींना बुरशी धरते).

पियानो पहिल्या बाजूला, अगदी सुरुवातीपासून आणि बराच वेळ, मला तर वाटलं चुकून दुसरीच कॅसेट लावली, मग हळूच मागून ते यंत्राचे आवाज येतात. दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रिक गिटार जोरात.

लेहरा

मग रिकोशे नाही. पूर्व बर्लिन, ३१ जानेवारी १९८०, पालास्ट देर रेपुब्लिक ह्या इमारतीतला कार्यक्रम. पलीकडच्या बर्लिनमध्ये जाऊन वाजवणाऱ्या पाश्चात्य बँड्समध्ये हे अगदी सुरुवातीचे. पियानो श्मोलिंगचा, गिटार फ्रोझेची. तिकडच्या सरकारी अमिगा कंपनीनं ही रेकॉर्ड 'किहोटे' नावानं काढली, पश्चिमेत १९८६ मध्ये तीच 'पर्गामॉन' म्हणून आली. काका १९८१ मध्ये तिथे होते म्हणता, तेव्हा त्यांच्या मित्राकडे अमिगाची प्रत असेल तर जुळतं. फाइलला दोन्ही नावं द्या. ती इमारतही आता राहिली नाही, पाडली.

निशाचर

मान्य. रिकोशे परत ऐकला, मिनिटभरच आहे.

बाकीचं भरपाई म्हणून: 'बाई. वाघ.' हा टायगर, १९८७. इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या कविता आहेत, गाणारी जोसेलिन बी. स्मिथ. तोवर श्मोलिंग जाऊन ऑस्ट्रियाचा पॉल हासलिंगर आलेला. आणि फ्रांकेचा हा शेवटचा स्टुडिओ अल्बम, त्यानंतर तोही गेला. १९७१ पासून सलग होता हो तो, आला तेव्हा ड्रमर होता, नंतर सीक्वेन्सर म्हणजे फ्रांके असं समीकरण झालं.

'बापलेक' सोपं. १९९० पासून फ्रोझेचा मुलगा जेरोम बँडमध्ये. पण अल्बम कुठला हे ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, त्या दशकात ढिगानं आहेत. काही ओळखीचं वाजतं का त्यात?

रविवार_कारंजा

ओळखीचं?? शेवटी जिमी हेंड्रिक्सचं पर्पल हेझ आहे! शिवाय सॅक्सोफोन आहे आणि लोक ओरडतायत. मला वाटलं मित्रानं उरलेल्या जागेत दुसरंच काही भरलं.

ओझरचा_भो

नाही भो, ते ह्यांचंच. २२० व्होल्ट लाइव्ह, १९९२ च्या अमेरिका दौऱ्यातलं. सॅक्सोफोन लिंडा स्पाचा, गिटार झ्लाटको पेरिकाची.

एक गंमत सांगतो. १९७७ मध्ये सोडून गेलेल्या बाउमाननं पुढे अमेरिकेत प्रायव्हेट म्युझिक नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि १९८८ पासून काही वर्षं ह्याच बँडचे अल्बम त्याच्या कंपनीतनं निघाले. सोडून गेलेला गडी मालक होऊन परत.

मिसळ_विथ_पाव

मला ह्यातलं काही कळत नाही पण धागा वाचतेय. एक बाळबोध शंका, एवढी माणसं बदलली तर बँड तोच कसा?

ओझरचा_भो

आपला नाशिक ढोल बघा ना. पथकाचं नाव तेच, पोरं दर दोन गणपतींनी नवीन. कोणी पुण्याला नोकरीला गेलं, कोणाचं लग्न झालं. तरी पथक तेच म्हणतोच की.

निशाचर

पथकाचं ठीक आहे, इथे ठेका धरणारा कायम एकच होता, फ्रोझे. तो २० जानेवारी २०१५ ला व्हिएन्नात गेला. त्यानंतर खुद्द जेरोमनं जाहीर सांगितलं की बाबांशिवाय टँजरीन ड्रीम नाही. तो स्वतः २००६ मध्येच बाहेर पडलेला. मला त्याचं पटतं.

लेहरा

मला नाही पटत. आत्ता बँड चालवणारा थॉर्स्टन क्वेश्निंग २००५ पासून आहे, व्हायोलिन वाजवणारी होशिको यामाने २०११ पासून, दोघांना फ्रोझेनंच घेतलं. पॉल फ्रिक तेवढा नंतर, २०२० मध्ये आला. २०१७ चा क्वांटम गेट हा अल्बम फ्रोझेनं मागे ठेवलेल्या कच्च्या मालावरच उभा आहे. गुरू गेल्यावर शिष्यांनी गायचं नाही असं कुठंय? असो, ह्यावर वेगळा धागा काढा, इथे सहावी कॅसेट राहिलीय. त्यात काय ऐकू येतं?

रविवार_कारंजा

सहावी मी मुद्दाम मागे ठेवलेली कारण ती मला ह्या बँडची वाटतच नाही. सिंथेसायझर नाहीच. ड्रम्स बडवतायत, गिटार किंचाळतेय, मध्येच काहीतरी चेलोसारखं खरवडतंय. काकूनं स्वयंपाकघरातनं विचारलं, भांडी पडली का? काकांनाही शंका असणार, म्हणून 'हेच का ते?'

लेहरा

हेच ते! इलेक्ट्रॉनिक मेडिटेशन, १९७०, त्यांचा पहिला अल्बम. नावात इलेक्ट्रॉनिक आणि आत एकही सिंथेसायझर नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये बर्लिनच्या एका कारखान्यात रेकॉर्ड केला. गिटार फ्रोझे, चेलो कॉनराड श्निट्झलर आणि ड्रम्सवर क्लाउस शुल्झे, तोच जो पुढे एकट्यानं सिंथेसायझर वाजवून प्रसिद्ध झाला. एका अल्बमनंतर दोघंही गेले, मग फ्रांके आला.

म्हणजे तुमच्या सहा कॅसेटींत फ्रांके चारांत आहे आणि सहाही ठिकाणी असलेला माणूस एकच, फ्रोझे.

रविवार_कारंजा

काम झालं मंडळी, मनापासून आभार. नावं, सालं सगळी टाकली, फाइलच्या नावात काकांच्या खुणाही तशाच ठेवल्यात, 'हेच का ते?' सकट. काकूला सांगितलं की हेच ते आहे, तर म्हणाली, "मग त्यांना एवढी वर्षं कळलं नाही होय? त्या जर्मनाला पत्र टाकून विचारायचं की."

आता एकच अडचण. 'बाई. वाघ.' दुसऱ्या बाजूला निम्म्यात अडकते आणि टेपरेकॉर्डर ती खायला बघतो. त्या दुकानात परत जायचं नाहीये. नाशिकरोड, सिडको, कुठेही, कोणाकडे चालू स्थितीतला चांगला डेक असेल तर एका रविवारपुरता द्याल का? मी स्वतः घेऊन येईन, वापरून झाला की त्याच संध्याकाळी परत आणून देईन.