'टोपी घालणे'चं इथे काय करू?

अनुवादवाली: चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघातावरचा लेख मराठीत आणतेय. दोन दिवस एकाच वाक्यावर अडलेय. २७ जानेवारी १९८६ ची रात्र, उड्डाण दुसऱ्या दिवशी. यानाला वर ढकलणारे रॉकेट, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोलचे इंजिनिअर नासाला फोनवर सांगताहेत, गारठ्यात बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, ओ-रिंग, ताठरतात, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उडवू नका. नासाचे मलॉय उखडतात, मग काय एप्रिलमध्ये उडवू? थायोकोलवाले फोन म्यूट करून आपसात बोलतात. तिथे मेसनसाहेब इंजिनिअरिंगप्रमुख लंडना म्हणतात, इंजिनिअरची हॅट काढ, मॅनेजमेंटची घाल. आता 'टोपी घाल' लिहिलं तर फसवाफसवीच वाटणार!

शुद्धमती: 'अभियंत्याची भूमिका सोडून व्यवस्थापकाची भूमिका घ्या.' मिटलं.

चहाबाज: हे तर परिपत्रक झालं. रात्री कावलेला माणूस असं बोलतो होय?

सांगलीकर: 'टोपी फिरव' लिहा की. लंडनी तेच केलं. आधी 'नको', मग 'उडवा'.

अनुवादवाली: फिरवली हे आपण म्हणणार, बाहेरून. मेसन आपल्याच माणसाला तोंडावर 'टोपी फिरव' कशाला म्हणेल?

जुनेजाणते: हा वाक्प्रचार टोपीकरांवरून आलाय. १८१८ च्या आसपास जे इंग्रजांना जाऊन मिळाले, त्यांनी टोपी फिरवली.

सांगलीकर: पुरावा?

जुनेजाणते: आमचे आजोबा सांगायचे.

चहाबाज: 'हॅट'च ठेवा. आमचा साहेब "आता जरा मॅनेजरची हॅट घालून बोलतो" म्हणाला की आम्ही ओळखतो, रविवार गेला.

शुद्धमती: म्हणूनच मराठी मरतेय. बाकी त्या रात्री राष्ट्राध्यक्ष रेगनचं भाषण होतं, वरून दबाव आला असणार.

अनुवादवाली: भाषण २८ ला होतं. आणि अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाला तसा पुरावा मिळाला नाही. वेळापत्रक मात्र होतं. १९८५ मध्ये ९ उड्डाणं झाली, ८६ साठी १५ ठरवलेली. त्याला 'दबाव' पुरेल का, हाही प्रश्नच आहे.

सांगलीकर: तगादा!

शुद्धमती: तगादा फारसी. शिवाय तो उधारीचा असतो.

सांगलीकर: मग? १५ उड्डाणं कबूल करून बसले होते ना? उधारीच ती. आणि तुमचा 'दबाव' कुठल्या ऋग्वेदातला?

जुनेजाणते: तगादा लावतात, लकडाही लावतात. लकडा म्हणजे लाकूड, दारात सोटा घेऊन उभा राहणारा वसुलीवाला.

चहाबाज: हेही आजोबाच का?

अनुवादवाली: अहो, टोपीचं काय?